चौथ्या पायरीवरचं फूल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईबाबांच्याही आधी पट्टीवाल्या काकांचं नाव घेतो. आईबाबांना याचं वाईट वाटत नाही. का वाटत नाही, ते पुढे येईलच. काकांचं खरं नाव मात्र लिहिणार नाही, ही त्यांची अट आहे. लिहायची परवानगी त्यांनी लेखी दिली, कारण ते काहीही तोंडी देत नाहीत आणि तोंडी घेतही नाहीत. "बोललेलं हवेत जाते. लिहून आण," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा माझं स्वतःचं नावही ऐकलेलं नाही. माझं नाव ते घेतच नाहीत. मी 'वरचा पोट्टा'.

मी राजनांदगावच्या पुढच्या एका लहान गावातला. बाबा राइस मिलमध्ये काट्यावर पोती तोलायचे. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी, आणि तिन्ही अर्धी अर्धी. घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. नंतर ईसीजी काढायचा एक कोर्स केला आणि रायपूरला समता कॉलोनीतल्या एका तपासणी केंद्रात नोकरी लागली. खोली शोधत ब्राह्मणपारा या वस्तीत आलो, तेव्हा एका अरुंद जिन्याच्या तोंडाशी एक म्हातारे खुर्ची टाकून बसले होते. डोळे मिटलेले. सदऱ्याच्या खिशात पेन असतं तिथे खडू.

"पेटी खाली ठेव," डोळे न उघडता ते म्हणाले. "हात मोकळे सोडून वर जा."

मला वाटलं, खोली दाखवताहेत. जिना दोन भिंतींच्या मध्ये होता, खिडकी नव्हती. मधल्या पायऱ्यांवर इतका अंधार की पायाखाली काय आहे ते चाचपावं लागत होतं. मी वर पोचलो तोच खालून आवाज आला, "एकोणीस. कुठंच नाही थांबला. राहा."

खाली आलो तर दुसरा प्रश्न.

"दात कशानं घासतो?"

"पेस्टनं."

"अन् घरचे?"

मी हसलो. "ज्याला जे मिळेल त्यानं."

आता त्यांनी डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "हसू नको. लिहून ठेव हा प्रश्न. कामात पडन."

मी लिहून ठेवला नाही. खोली चांगली होती आणि म्हातारा थोडा सरकलेला आहे, एवढंच मनात नोंदवलं.

काकांनी सगळी नोकरी एका सरकारी दवाखान्यात ईसीजी काढण्यात घालवली होती. ती लांब कागदी पट्टी, म्हणून पाऱ्यात सगळे त्यांना पट्टीवाले म्हणत. घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. फौजेत तुमचे पूर्वज काय करत होते, असं विचारलं की म्हणत, "घोड्याले चारा टाकत असतीन. तलवारवाले परत गेले, चारावाले राहिले." त्यांची बायको जाऊन खूप वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर त्यांचं एकच काम उरलं होतं. जिना ऐकणं.

वर येणाऱ्या प्रत्येकाची पावलं ते खालून मोजत. कोणी मध्येच दम घ्यायला थांबलं की माणूस वर गेल्यावर त्या पायरीवरच्या भिंतीला खडूची बारीक रेघ, आणि रेघेशेजारी त्या माणसाचं पहिलं अक्षर. हे काम ते लांब काठीला खडू बांधून खालूनच करत. महिन्याभरात मला ती अक्षरं वाचता येऊ लागली. कोणाची रेघ वर्षभर एकाच पायरीवर राही. कोणाची हळूहळू खाली सरके. खाली सरकणाऱ्या रेघा पाहिल्या की अंगावर काटा येई. कोणीतरी एकेक पायरी उतरत जमिनीकडे चाललं आहे, आणि त्याला स्वतःला ते माहीत नाही, असं वाटे. कधीकधी खुर्ची रिकामी दिसायची. मी निर्धास्त चढायचो, मोबाईल पाहत मध्ये थबकायचो, आणि दाराआडून आवाज यायचा, "सहावी. काहून थांबला?"

चौथी पायरी वेगळी होती. "तिच्यावर पाय नाही ठेवायचा. ओलांडायची," असा नियम होता. तिच्यावर रोज पिवळ्या कण्हेरीचं एक ताजं फूल असायचं. भिंतीवर तिथली रेघ खडूची नव्हती. ती ऑइलपेंटची होती, पुसली जाऊ नये म्हणून. तिच्याजवळ अक्षर नव्हतं.

माझी सुट्टी मंगळवारची. पहिल्याच मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. एक. दोन. तीन. चार. मग काही नाही. मी दाराकडे पाहत राहिलो. वर कोणी आलं नाही. शेजारच्या खोलीत एक विमा एजंट भैया राहायचे, त्यांना विचारलं. त्यांनी पेपरमधून डोकंही वर काढलं नाही.

"छोटे वाले हैं. काका के भाई. चौथी पे गिरके गुज़र गए थे ना, वहीं तक आते हैं. रोज तीन बजे."

पुढच्या मंगळवारी मी दाराच्या फटीला डोळा लावून बसलो. खाली उजेडात काका होते. ते चौथ्या पायरीपर्यंत आले, एक हात भिंतीला टेकला, वाकले, फूल ठेवलं. आणि तसेच वाकून राहिले. इतका वेळ, की मला वाटलं ते भावाशी काही बोलत असतील. भूत नव्हतं म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्यानंतर दर मंगळवारी ती चार पावलं ऐकली की मी हातातलं काम थांबवायचो.

काका म्हणजे अंतर्ज्ञानी, अशी पाऱ्यात अफवा होती. ती त्यांना आवडत नसे. या एजंट भैयांचीच गोष्ट. त्यांची रेघ कायम आठव्या पायरीवर. महिनाभर काका त्यांच्या मागे लागले. छातीत काही होते का, जबडा भरून येते का, डॉक्टरकडे जा. शेवटी भैया वैतागले.

"अरे काका, मोबाईल का टावर वहीं पकड़ता है! आठवीं सीढ़ी पे दो डंडी आती हैं. बीवी से बात करूँ कि नहीं?"

काका इतके हसले की खुर्ची करकरली. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. काठी घेऊन त्यांनी ती रेघ पुसून टाकली. मला म्हणाले, "पाहिलं? खडू काही सांगत नाही बाबू. खडू फक्त विचारते. सांगायचं काम डॉक्टरचं."

डबा आणणाऱ्या दीदींची रेघ मात्र चौदावरून नवावर आली होती. त्यांना खुर्चीत बसवून काका स्वतः उभे राहिले. दीदी म्हणाल्या, "हव काका, थकासी लागथे. बस, उमर हो गे." चाळीसही नसतील त्या. काकांनी त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. बी.पी. इतका निघाला की तिथल्या सिस्टरने यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं. आयुष्यात कोणी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला नव्हता. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं, आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांची रेघ हळूहळू पुन्हा वर चढली. काका म्हणाले, "सगळ्यात कामाचं यंत्र तेच. साधं आहे, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही."

संध्याकाळी ओट्यावर शेजारचे लोक जमत आणि मोबाईलवर आलेले उपाय काकांना वाचून दाखवत. एक अर्जुनाची साल आणे, एक लसणाच्या पाकळ्या मोजून खाई, एक म्हणे जोरजोरात खोकलं की झटका परत जातो. दुधीचा रस काढून आणलेल्या एका गृहस्थांना काका म्हणाले, "आधी चाखून पाहा. कडू लागला तर ओतून द्या. कडू दुधीनं दवाखान्यात आलेले लोक मी पाहिले आहेत." बाकीचं ते शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "लोणचं-पापड कमी केलं? रोज चालता? बी.पी. कधी मोजला? दात कशानं घासता?" लोक एकमेकांकडे पाहत आणि उठून जात. काकांकडे मजा नाही, असं त्यांचं मत होतं.

मला त्यांनी जे शिकवलं ते कोर्समध्ये नव्हतं. थंडीत तळवे एकमेकांवर घासून मगच माणसाला हात लाव. नाव माहीत असलं तरी विचार, म्हणजे माणूस बोलायला लागते. ओळखीचा असला तर दुप्पट विचार. पट्टी निघत असताना बोलू नको, पण आधी बोल, कारण पट्टीले फक्त तेवढ्या वेळचं माहीत असते. मराठी लिहायलाही त्यांनीच शिकवलं. कोणताही प्रश्न घेऊन गेलो की 'लिहून आण'. मी लिहून न्यायचो, ते आधी लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचे आणि मग उत्तर द्यायचे.

आमच्या केंद्रातलं जग वेगळंच होतं. तिथे तपासण्यांची पॅकेजं होती आणि प्रत्येक फाईलच्या मुखपृष्ठावर सोनेरी हृदय. व्यवस्थापक सर म्हणायचे, "लोगों को टेस्ट नहीं चाहिए, तसल्ली चाहिए." आम्ही कॉलन्यांमध्ये शिबिरं घ्यायचो, फुगे लावायचो. शंकर नगरच्या शिबिरात एक तरुण आला होता. रोज व्यायाम करणारा, कसलाही त्रास नसलेला, घरात कोणाला हृदयरोग नाही. मित्रांनी केलं म्हणून त्यानेही मोठं पॅकेज घेतलं. स्कॅनमध्ये कुठेतरी एक शंका निघाली. मग पुढची तपासणी, मग हातातून नळी घालून अँजिओग्राफी. काही निघालं नाही. मनगट सुजलं ते उतरलं, पण भीती उतरली नाही. चार महिने तो आपल्या लहान मुलीला उचलून घेत नव्हता, छातीवर ताण येईल म्हणून.

मी हे काकांना सांगितलं. ते अंधारातल्या जिन्याकडे पाहत म्हणाले, "ज्याले काही होत नाही त्याले खोदून काढतेत. अन् ज्याले होऊन राहिलं, त्याले झोपवून म्हणतेत, नॉर्मल."

दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

नोकरीला वर्ष झालं आणि केंद्राने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांची तपासणी मोफत करायचं ठरवलं. मला आभाळ ठेंगणं झालं. बाबांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते आले. फॉर्म मीच भरला.

"बाबा, विडी-सिगारेट?"

"नाही."

"तंबाखू?"

"छे! तुले माहीत नाही काय? खर्रासुद्धा नाही कधी."

मी अभिमानाने 'नाही'वर खूण केली. ईसीजीही मीच काढला, तळवे घासून ऊब आणून. पट्टी स्वच्छ आली. सोनेरी हृदयाची फाईल घेऊन बाबा गावी गेले आणि म्हणे मिलमध्ये सगळ्यांना दाखवली. नंतर ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली. त्या फाईलमध्ये माझं शिक्षण होतं, असं आईने फोनवर सांगितलं.

जाण्याआधी बाबा माझ्या खोलीवर आले होते. जिन्यात मध्ये थांबले. खालून आवाज आला, "अकरावी."

बाबा हसून म्हणाले, "पोट्टा पार आकाशात राहते काकाजी!"

दीड महिन्याने दिवाळीचा फराळ घेऊन ते पुन्हा आले. हातात चिवड्याची एक पिशवी फक्त. मी वरच्या दारात उभा होतो. त्यांची पावलं ऐकू येत होती, आणि मग ऐकू येईनाशी झाली. अंधारात त्यांचा श्वास तेवढा येत होता. खूप खालून.

"सातवी," काकांचा आवाज आला. मग म्हणाले, "वर नका जाऊ. हळूच खाली या. पोट्ट्या, तूबी ये."

काकांच्या खोलीत मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो. त्यांनी बाबांना पलंगावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "दात कशानं घासता?"

"गुडाखूनं," बाबा सहज म्हणाले.

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काळी, ओलसर लुगदी. बोटावर घेऊन दातांना घासायची. आमच्याकडे तिला कोणी नशा म्हणत नाही, ती मंजन. विहिरीजवळच्या कोनाड्यात तिची डबी मी जन्मापासून पाहत होतो.

"दिवसातून किती वेळा?"

"चार-पाच. कामात जास्त."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी जमिनीकडे पाहत होतो. 'नाही'वरची ती खूण मला फरशीवर दिसत होती. आणि फक्त बाबांचीच नाही. त्या वर्षात किती जणांना मी 'तंबाखू?' विचारलं होतं, आणि किती जण 'नाही' म्हणून घरी दात घासायला गेले होते.

"चढताना काय होते?"

"दुखत नाही काही. इथं भरून येते." बाबांनी छातीवर पंजा पसरला. "मग जबड्यात. थांबलं की जाते."

"पहिले इतक्या लवकर यायचं?"

"नाही. आता लवकर येते."

"अन् झोपल्यावर?"

"काहीच नाही."

"मग झोपवून काढलेली पट्टी काय सांगन?" काका म्हणाले. ते बाबांना विचारत होते, पण उत्तर मला द्यायचं होतं.

बाबा घाबरले. "पण काकाजी, रिपोर्ट नॉर्मल आहे ना. पोट्ट्यानंच काढला."

काकांनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि भिंतीपाशी नेलं. भिंतीवर एक लांबट फ्रेम होती, तिला ताजा हार घातलेला. फ्रेममध्ये फोटो नव्हता. ईसीजीची पट्टी होती. पिवळी पडलेली, शाई फिकी झालेली. मी जवळ गेलो आणि सवयीने वाचली. एकसारखी, नीटनेटकी, कुठेही काही वावगं नाही. इतकी चांगली पट्टी मी आमच्या केंद्रातही क्वचित पाहिली होती.

"हा माझा लहाना," काका म्हणाले. "तुमचा पोट्टा राहते त्या खोलीत राहायचा. पंधरावीवर थांबला, मी खालून ऐकलं. मग बारावीवर. मग आठवीवर. मी त्याले दवाखान्यात नेऊन लेटवलं, पट्टी काढली. मी स्वतः. त्याले म्हटलं, घोडा आहेस, जा. तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसलो होतो. एक, दोन, तीन, चार. पाचवं पाऊल आलंच नाही." त्यांनी फ्रेमवरचा हार सरळ केला. "पट्टी खोटं नाही बोलली. तिले जे विचारलंच नाही, त्याचं उत्तर मी समजून बसलो."

बाबांनी त्या पट्टीला हात जोडले.

काकांनी ऑटो बोलावला आणि आम्हाला त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात पाठवलं, हातात चिठ्ठी देऊन. चिठ्ठीत निदान नव्हतं. 'अकरावी पायरी, दीड महिन्यात सातवी. थांबल्यावर जाते. गुडाखू' एवढंच. हृदयाच्या डॉक्टरांनी ती दोनदा वाचली आणि बाबांना भरती करून घेतलं. मुख्य नळीत अडथळा होता, तो स्प्रिंग घालून उघडला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की आराम करताना त्यांच्या हृदयाला रक्त पुरत होतं, म्हणून पट्टी चांगली होती. चढताना पुरत नव्हतं. "हे काम स्प्रिंगवर संपत नाही," ते म्हणाले. "रोजच्या गोळ्या, चालणं, आणि तो गुडाखू बंद." बाबांनी डबी विहिरीत टाकली. आईने ती पाणी खराब होईल म्हणून गळ टाकून बाहेर काढली आणि दोघांचं त्यावरून आठवडाभर भांडण झालं. पण गुडाखू सुटला.

मी केंद्रातल्या फॉर्मवर पेनने एक ओळ वाढवायला लागलो. 'दात कशाने घासता?' आठवड्यात व्यवस्थापक सरांनी बोलावलं. "फॉर्म ऊपर से छपकर आता है. ये मंजन का सर्वे चल रहा है क्या?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट माणूस नव्हते. पण शिबिरांतून माझं नाव गेलं. तिथे आणखी तीन वर्षं काढली आणि मग धमतरीच्या पुढे एका आरोग्य केंद्रात लागलो. तिथे मी बी.पी. मोजतो, आणि तो प्रश्न विचारतो.

या हिवाळ्यात बाबांना तपासणीसाठी रायपूरला आणलं होतं. डॉक्टरांनी 'छान' म्हटलं, तेव्हा बाबाच म्हणाले, "काकाजीले जिना ऐकवून येऊ."

काका खुर्चीत होते. बारीक झाले होते, पण डोळे तसेच मिटलेले. बाबांनी सदरा नीट केला आणि चढले. चौथी ओलांडली. मी मागून मोजत होतो. वर पोचलो तेव्हा खालून आवाज आला. थोडा फाटका, पण खूश. "एकोणीस! कुठंच नाही."

माझ्या जुन्या खोलीत आता नर्सिंगला शिकणारी एक मराठी पोट्टी राहते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. तिने चहा केला. आम्ही पीत होतो, तेवढ्यात तीन वाजले.

जिन्यावर पावलं आली. एक. दोन.

मग काही नाही.

"डरिए मत भैया," ती म्हणाली. "दो सीढ़ी वाला भूत है. रोज आता है."

"दोन?" मी विचारलं. "चार ना?"

"नहीं, दो. मैं आई थी तब तीन थीं."

कप माझ्या हातात तसाच राहिला. मी उठून जिन्याच्या वरच्या तोंडाशी गेलो. खाली काका दुसऱ्या पायरीवर उभे होते. एक पंजा भिंतीला, दुसऱ्यात कण्हेरीचं फूल. हात चौथीकडे लांबवलेला. तो पोचत नव्हता. तोंड उघडं होतं. मग त्यांनी फूल दुसऱ्याच पायरीवर ठेवलं आणि जबडा हाताने दाबून धरला. खडूची काठी भिंतीला टेकलेली होती. भिंतीवर दुसऱ्या पायरीशी रेघ नव्हती.

माझ्या खांद्यामागून बाबा हळूच म्हणाले, "त्यायनं मले विचारलं. त्यायले कोन विचारते?"

मी खाली धावलो. त्यांनी मला पाहिलं, खोलीत गेले आणि कडी लावली.

"काका, दार उघडा."

"काही नाही. पडतो जरा."

"काका, कुठं भरून येते?"

मी दाराला कान लावला. मग अगदी जवळून, दाराच्या पलीकडूनच आवाज आला.

"लिहून आण."

बाबा पिशवी माझ्याकडे देऊन ऑटो आणायला गेले. त्यांच्या पिशवीत सोनेरी हृदयाची ती जुनी फाईल होती, ते ती अजून सगळीकडे नेतात. तिच्यातला 'नॉर्मल' लिहिलेला पहिला कागद मी काढला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पत्र लिहिलं आणि दाराखालून आत सरकवलं. ते असं:

काकांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही लिहून आण म्हणालात, म्हणून दुसऱ्या पायरीवर बसून लिहितो आहे. लाल पेन नंतर काढा. आधी वाचा.

मी चार वर्षं दर मंगळवारी तुमची चार पावलं ऐकली. तुम्ही फूल ठेवायला थांबता, असं मला वाटलं. थांबायला तुम्हाला फुलाचं निमित्त होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. ओळखीच्या माणसाला दुप्पट विचार, असं तुम्ही शिकवलं. मी बाबांना विचारलं नाही, कारण ते माझे. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारायचं काम तुमचं. दोन्ही वेळा चूक माझी.

चारावरून तीन, तीनावरून दोन. ही रेघ दुसऱ्या कोणाची असती तर तुम्ही त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं.

इतक्या लोकांच्या पट्ट्या काढल्या आणि स्वतःची एकही काढली नाही, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. मला तेव्हा तो विनोद वाटला. तुमची पट्टी मी आज काढणार नाही. चांगली आली तरी मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. तुम्ही फक्त डॉक्टरांना सांगायचं आहे, बाबांनी तुम्हाला सांगितलं तसं. चढताना काय होतं, थांबलं की जातं का, पूर्वीपेक्षा लवकर येतं का. सांगवलं नाही तर हा कागद दाखवा. डॉक्टर तेच आहेत. बाबांच्या वेळची तुमची चिठ्ठी त्यांना आठवते.

बाबा ऑटो घेऊन दारात उभे आहेत. ते म्हणतात, काकाजी येईपर्यंत मी हलणार नाही. ते हट्टी आहेत आणि आता त्यांना दम लागत नाही.

तुमचं फूल मी उचलून चौथ्या पायरीवर ठेवलं आहे. उद्यापासून वरची पोट्टी ठेवेल, तिने हो म्हटलं आहे. लहाने काका वाट पाहत राहणार नाहीत. तुम्हाला तिथवर चढायचं नाही. तुम्हाला फक्त दार उघडायचं आहे, आणि दाराला पायरी नाही.

तुमचा,
वरचा पोट्टा